आधी सांगा, नंबर कुणाचा?

"मिसेसच्या नावावर करायचंय." हे वाक्य मी नाशिकरोडच्या त्या ऑफिसात इतक्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय, की आता लग्नाच्या पंगतीत जरी कुणी म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. मागच्याच आठवड्यात शेजारचे काका त्यांच्या प्लॉटबद्दल बोलत होते. टॅक्सचा काडीचा संबंध नव्हता, तरी मी हातातली वाटी आपटली. घरचे म्हणाले, हिला एकदम काय झालं? काय झालं! मॅडमच्या हाताखाली सात वर्षं काढलेल्या माणसाचं जे व्हायचं ते झालं.

मॅडम म्हणजे कर सल्लागार. सेल्स टॅक्सच्या काळापासूनच्या. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पिठाच्या गिरणीच्या वर एका खोलीत ऑफिस. गिरणी सुरू झाली की टेबलावरची पेनं घरंगळायची आणि दिवसाआड फायलींवर पिठाची पूड बसायची. गिरणीच्या आवाजावर आवाज काढायची मॅडमना इतकी सवय झाली होती की गिरणी बंद असली तरी त्या ओरडूनच बोलायच्या. नवीन माणसाला वाटायचं, आपल्यावर चिडल्यात. बहुतेक वेळा त्याला बरोबरच वाटायचं.

अंगानं बुटक्या, चष्म्याची भिंगं जाड, हातात पुरुषी घड्याळ, कानावर लाल-निळी पेन्सिल. टेबलाच्या खणात खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा. कुणी आपला नंबर न बघता, न अडखळता धडाधड म्हणून दाखवला की मॅडम त्याच्या तळहातावर मोजून चार शेंगदाणे ठेवायच्या. पन्नाशीचे कारखानदार ते शेंगदाणे खात आणि खूष होत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"मॅडम, माझा नंबर द्या ना जरा," असं म्हणत कुणी आत आलं की संपलंच.

"कुठला? चपलेचा?"

"नाही, तो टॅक्सचा."

"टॅक्सचा नंबर काय एकच आहे? पॅन हवाय, टॅन हवाय, का जीएसटी हवाय? का तो मेलेला टिन हवाय?" टिन म्हणजे व्हॅट होता तेव्हाचा नंबर. काही जुने व्यापारी अजून तो लेटरहेडवर छापतात. "व्हॅटबरोबर जाळला त्याला! तुम्ही अजून त्याचा फोटो लावून बसलात," असं म्हणून मॅडम त्या लेटरहेडवर लाल काट मारायच्या आणि अख्खा गठ्ठा त्या माणसाच्या हातात परत द्यायच्या.

मला पहिल्याच दिवशी त्यांनी धडा दिला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर माझा स्वतःचा पॅन मला लिहायला लावला. मला येईना. बी.कॉम. झालेली मुलगी, पर्समध्ये कार्ड, आणि नंबर पाठ नाही. मॅडमनी पेन्सिल फेकली. माझ्यावर नाही, भिंतीवर.

"दहा अक्षरं पाठ होत नाहीत? सिनेमाची गाणी किती पाठ आहेत? लिही. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. आता चौथं अक्षर बघ. काय आहे?"

"पी."

"पी म्हणजे पर्सन. माणूस. तू. भागीदारी फर्म असली की तिथं एफ येतो, कंपनी असली की सी, ट्रस्ट असला की टी आणि एकत्र कुटुंब असलं की एच. त्या एका अक्षरात सरकारला कळतं समोर कोण आहे. आपल्या लोकांना जन्मभर कळत नाही."

हे चौथं अक्षर मॅडमच्या इतकं अंगात मुरलं होतं की त्या माणसांनाही तसंच हाका मारायच्या. खालचा गिरणीवाला दोन भावांना विचारल्याशिवाय दळणाचा भाव वाढवायचा नाही, तो 'एफ'. समोरच्या बंगल्यातले कधी कुणाशी बोलत नसत, ते 'सी', आत कोण आहे पत्ता लागत नाही. एका गिऱ्हाइकानं मुलीचं लग्न ठरवलं आणि मुलीला शेवटी सांगितलं, तर मॅडम मला म्हणाल्या, "अख्खा एच आहे हा माणूस. त्याच्या घरात पी कुणी नाहीच." आणि मला म्हणायच्या, तू पी आहेस. कुणाला विचारत बसत नाहीस, हे तुझं चांगलं आहे. त्या वाक्यावर मी सात वर्षं अक्षरशः फुगून राहिले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

टॅनचं त्यांचं बोलणं तर नाशिकरोडभर पसरलं होतं. अंबडचे एक वर्कशॉपवाले कामगारांच्या पगारातून कर कापायचे आणि कागदावर टॅनच्या जागी आपला पॅन ठोकायचे. म्हणे, दोन्हींत दहाच अक्षरं आहेत ना? मॅडम उभ्याच राहिल्या. "अहो, पॅन म्हणजे तुमचा स्वतःचा खिसा. टॅन म्हणजे दुसऱ्याच्या खिशात घातलेला तुमचा हात. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा तर सांगून घालायचा, म्हणून सरकारनं तुम्हाला वेगळा नंबर दिलाय. तुम्ही कापलेला कर त्या पोरांच्या नावावर लागला नाही म्हणजे ती काय करणार? तुमच्या नावानं बोटं मोडणार!" ते गृहस्थ घाम पुसत खाली गेले. पण पुढच्या महिन्यात टॅन पाठ करून आले आणि शेंगदाणे घेऊन गेले.

सायखेड्याचे एक भाजीचे व्यापारी होते. त्यांच्याकडे दोन पॅन निघाले. मॅडमनी विचारलं, असं कसं झालं? ते अगदी निवांत.

"म्याडम, पयलं कार्ड लय दिवस सापडत नव्हतं. म्हून दुसरं काढलं. त्यात काय बिघडलं?"

"उद्या बायको घरात सापडली नाही तर दुसरी कराल?"

"तसं नाय…"

"तसंच आहे! एका माणसाला एकच पॅन. जन्मभर एकच. हरवलं तर त्याच नंबरचं कार्ड परत छापून मागायचं. दोन बाळगले तर दंड आहे." आणि मग स्वतःच बसून त्यांनी दुसरा नंबर परत करण्याचा अर्ज लिहून दिला. त्याचे पैसेही घेतले नाहीत. ओरडून झालं की त्यांना पैसे मागायची लाज वाटायची, हे मी हळूहळू ओळखलं होतं.

पण हे सगळं गमतीचं. मॅडमचा खरा राग 'मिसेस'वर होता. म्हणजे मिसेसवर नाही, मिसेसला घरी ठेवून तिचं कार्ड घेऊन येणाऱ्यावर.

काय व्हायचं, सांगते. एखाद्याचा धंदा बुडालेला असतो, बँकेत नाव खराब झालेलं असतं, नाहीतर रिटर्न न भरल्यामुळे त्याचा जीएसटी नंबर रद्द झालेला असतो. मग तो बायकोच्या नावावर नवीन नंबर काढतो. धंदा तोच, शेड तीच, मालक कागदावर बायको. तिला 'प्रोप्रायटर' हा शब्दसुद्धा ठाऊक नसतो. आमच्या गल्लीत चार ऑफिसं होती, तिथं हे काम वीस मिनिटांत व्हायचं.

मॅडमकडे व्हायचं नाही. "जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा," त्या बोट नाचवत सांगायच्या, "आणि त्याच्या पोटात कुणाचा तरी अख्खा पॅन असतो. पोटातलं कुणाचं आहे ते आधी विचारायचं!" बाई स्वतः आली पाहिजे आणि एकटी बसली पाहिजे, हा नियम. नवऱ्याला मॅडम खाली पाठवायच्या. "गिरणीत थांबा. दळण झालं की हाक मारते." ते बिचारे, बिचारे कसले, ते गृहस्थ डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांत पीठ खात उभे राहायचे. वर मॅडम त्या बाईला तीन प्रश्न विचारायच्या. नंबर कुणाचा? धंदा कुणाचा? उद्या नोटीस आली तर कुणाच्या नावावर येणार? तिन्हींना 'माझा', 'माझा', 'माझ्या' असं उत्तर आलं तर काम हातात घ्यायच्या. नाहीतर नाही. कितीतरी गिऱ्हाइकं अशी घालवली त्यांनी. एकानं जाताना जिन्यातून शिवी दिली, तर ह्यांनी वरून त्याचा पॅन मोठ्यानं म्हणून दाखवला. पाठ झाला होता ना!

लोक कुजबुजायचे, हिच्या नवऱ्यानं हिला असंच फसवलं असणार. मी एकदा धीर करून विचारलं. मॅडम माझ्यावर इतक्या चिडल्या की शेंगदाण्यांचा डबा बंद करून कुलूप लावलं.

"माझं काही झालेलं नाही. माझा नवरा देवमाणूस होता. आपलं काही झाल्याशिवाय राग येऊ नये का माणसाला?"

आता माझं सांगते. टाळून चालणार नाही.

मॅडम मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर घरी होत्या. ऑफिस माझ्यावर. तिसऱ्या दिवशी माझा दादा आला. दादाची अंबडला पावडर कोटिंगची शेड. त्यानं महिनोन्‌महिने रिटर्नं भरली नव्हती, त्याचा नंबर रद्द झाला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वहिनीच्या पॅनची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि तिचा फोटो. फोटो पोराच्या शाळेच्या फॉर्मसाठी काढलेल्यातला उरलेला.

"मॅडम नाहीत तेवढ्यात करून टाक," तो म्हणाला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मॅडम करणार नाहीत हे ठाऊक होतं, का करणार नाहीत हेही ठाऊक होतं.

मी म्हटलं, वहिनीला घेऊन ये. तो म्हणाला, तिला कशाला कामातून उठवतेस? घरचीच आहे ना ती? मी म्हटलं, आधारला तिचा मोबाईल जोडलाय, त्यावर ओटीपी येईल, तो लागेल. तर म्हणाला, "मग तूच फोन कर. मी केला तर शंभर प्रश्न विचारेल."

आणि मी केला! ते तीन प्रश्न मला झोपेत उठवलं तरी येत होते. मी त्यातला एक विचारला नाही. "वहिनी, तुझ्या मोबाईलवर एक ओटीपी आलाय, तेवढा सांग ना पटकन." ती म्हणाली, "थांबा हं ताई, कणकेचे हात आहेत." नळाचा आवाज आला. मग तिनं सहा आकडे सावकाश वाचले आणि विचारलं, "बरोबर आहे ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. अर्जात मोबाईल दादाचा, ईमेल दादाचा. म्हणजे पुढं जे काय येईल ते त्यालाच येणार. वीस मिनिटं लागली. गल्लीतल्या त्या चार ऑफिसांइतकीच.

मॅडम डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आल्या तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. घरचं काम होतं, एवढं काय त्यात, असं मनाला बजावलं. तीन वर्षं गेली. शेडचं काय झालं हे मी दादाला कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

वहिनी राहते देवळाली कॅम्पला. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नाही. जवानांच्या वर्द्या अंगाबरोबर करून देणं, बिल्ले लावणं, फिती शिवणं, असं करत करत तिनं तीन मशीनं घेतली. मग एका ठोक दुकानदारानं तिला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम देऊ केलं. अट एकच, जीएसटी नंबर पाहिजे, महिनाअखेरीच्या आत. वहिनीनं घरात कुणाला सांगितलं नाही. बस पकडली आणि सरळ मॅडमच्या ऑफिसात आली.

मला बघून हसली. म्हणाली, "तुमच्या मॅडमकडेच करायचं ठरवलं ताई. त्या बायकांचं नीट करतात म्हणता ना तुम्ही."

 तेव्हा, त्या मिनिटाला, मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मी प्रार्थना करत होते की नेट जावं, लाईट जावी, गिरणीचा पट्टा तुटावा. काही झालं नाही. मॅडमनी तिला बसवलं. पाठकोऱ्या पानावर नंबर लिहायला सांगितला. वहिनीनं न बघता, एका दमात लिहिला. मॅडम इतक्या खूष झाल्या की चार सोडून मूठभर शेंगदाणे दिले. मग तीन प्रश्न.

"नंबर कुणाचा?"

"माझा."

"धंदा कुणाचा?"

"माझा. मशीनंसुद्धा माझी."

"नोटीस आली तर?"

"माझ्याच नावावर येईल. पण मी येऊ देणार नाही, मॅडम."

"वा! हिचा अर्ज आजच करू," मॅडम मला म्हणाल्या. "आधी पॅनवर काही आहे का बघून घे. टाक नंबर."

नवीन अर्ज करण्याआधी त्या पॅनवर कुठला जीएसटी नंबर आहे का, हे बघायची त्यांची पद्धत होती. मी नंबर टाकला. माझीच बोटं. स्क्रीनवर ओळ आली. दादाच्या शेडचं नाव, अंबडचा पत्ता आणि पुढं, रद्द.

वहिनीनं मान पुढं केली. "हे आमच्या ह्यांच्या शेडचं नाव आहे."

"तुमच्या नंबरवर आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि रिटर्नं भरली नाहीत म्हणून रद्द झालंय. हे निस्तरल्याशिवाय तुम्हाला दुसरा नंबर मिळायचा नाही."

"पण मी कुठंच सही केली नाही!"

"सही लागतच नाही आता. आठवा बरं, ओटीपी कुणाला सांगितला होता?"

वहिनी आठवत राहिली. मला दिसत होतं तिला आठवतंय ते. मग ती घाईघाईनं बोलायला लागली, चूक तिचीच असल्यासारखी. "बाहेरच्या कुणाला नाही दिला मॅडम, मी कधीच देत नाही. ताईंनी मागितला होता. घरच्यांनी मागितला म्हणून दिला."

तुम्हाला सांगते, मला कुणी त्या खिडकीतून ढकललं असतं तरी चाललं असतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खाली गिरणी जोरात चालू होती आणि मॅडम तिच्याहून जोरात ओरडल्या. "तुला मी पी समजत होते! तू एच निघालीस. एकत्र कुटुंबाची. ऊठ त्या खुर्चीतून!"

मी उठले. मॅडमनी वहिनीला माझ्या खुर्चीत बसवलं, कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, आता तुमचं तुम्ही बघायचं, मी सांगते तसं दाबा. मी दारापाशी पर्स घेऊन उभी. मला म्हणाल्या, "तू काय केलंस ते कागदावर लिही. स्वतःच्या हातानं. कुणी सांगितलं, कुणाला फोन केला, काय बोललीस. सही कर. ते आणल्याशिवाय हा जिना चढायचा नाही."

संध्याकाळी दादाचा फोन. "सख्ख्या भावाच्या विरोधात लिहून देणार तू? घरची लक्तरं वेशीवर टांगणार?" मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. एवढंच सांगते की लहानपणापासून साठलेलं सगळं बोलले. मग आईचा फोन. घरातलं घरात मिटवा म्हणाली. मी विचारलं, आई, घरात मिटवायचं म्हणजे काय गं? म्हणजे वहिनीनं गप्प बसायचं, असंच ना? आईनं फोन ठेवला. मला दादाचा राग आला, आईचा आला, त्या गल्लीतल्या वीस मिनिटवाल्यांचा आला आणि मॅडमचासुद्धा आला. सात वर्षं राबले, एक चूक झाली तर बाईनं असं उभं करावं? पण कागद पुढ्यात घेतला आणि लिहायला लागले तेव्हा कळलं की चूक वगैरे काही नव्हती. चूक म्हणजे न कळता होते ती. मला सगळं कळत होतं.

दोन पानं झाली. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. मॅडम जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून वाचायला लागल्या. मी खाली पिठात उभी. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "तारीख टाकायची राहिली."

बस. एवढंच. शाबास नाही, बरं केलंस नाही. मी तिथंच भिंतीला कागद लावून तारीख टाकली. वर ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून मी त्या ऑफिसात कामाला नव्हते.

त्या दोन पानांची एक प्रत दादाला दाखवली तेव्हा त्याची टरकली. प्रकरण पोलिसांत जाईल हे त्याच्या ध्यानात आलं. मग शेडमधली भट्टी विकली, मागची सगळी रिटर्नं भरली, थकलेलं चुकतं केलं. पण सरकारी काम, लगेच कुठं संपतंय? जीएसटी ऑफिसात सुनावणी लागली. मॅडम वहिनीबरोबर आत गेल्या. मलाही बोलावलं होतं, कागद माझा होता म्हणून. मी बाहेर बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता, तरुण होता, पण कागद चाळता चाळता त्यानं तेच विचारलं जे सगळे विचारतात.

"ह्यांचे मिस्टर नाही आले? ते आले असते तर बरं झालं असतं."

तिथं गिरणी नव्हती. तरी मॅडमचा आवाज पार पार्किंगपर्यंत गेला असेल. "साहेब, पॅनचं चौथं अक्षर वाचा. काय आहे? पी. पी म्हणजे एक माणूस. तो एक माणूस तुमच्यासमोर खुर्चीत बसलाय. काय विचारायचं ते त्याला विचारा!"

मग आत बराच वेळ फक्त वहिनी बोलत होती. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, तिला ओरडायची सवय नाही. मॅडम बाहेर आल्या, माझ्यासमोरून गेल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. दिवाळीला गेले होते, दार त्यांच्या भाचीनं उघडलं. आत मॅडम टीव्हीवर ओरडत होत्या. मी फराळाचा डबा तिथंच ठेवून परत आले. मागल्या वर्षी मॅडम गेल्या. पोचवायला गेले तेव्हा अंबडचे दोन-तीन कारखानदार लहान पोरांसारखे रडत होते. मला रडू आलं नाही, राग आला. माफ नाही केलंत तर निदान एकदा शिव्या तरी द्यायच्या होत्या, असं मी मनात म्हणत होते.

वहिनीला नंबर मिळाला. पण सव्वा वर्षानं. गणवेशांचं काम केव्हाच दुसऱ्याला गेलं होतं. ती अजून त्याच घरात, दादाबरोबर राहते. कशी राहते ते मला विचारू नका, मी विचारलं तर विषय बदलते. पण कॅम्पच्या बाजारात तिनं भाड्यानं गाळा घेतलाय. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा तिथं गेले. इतके दिवस धीर होत नव्हता.

दारावर मोठी पाटी. दुकानाचं नाव, त्याखाली मालक म्हणून तिचं नाव आणि त्याखाली लालभडक रंगात पंधरा अक्षरं, वीतभर उंचीची. पाटीवर नंबर लावावा लागतो, नियमच आहे. पण एवढा मोठा मी कुठं बघितला नव्हता. दुकानाच्या नावापेक्षा मोठा. मला बसस्टॉपवरूनही वाचता आला असता.

"नंबर जरा जास्तच मोठा झाला नाही का गं?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

वहिनी टेप गळ्यात टाकून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहून पाटीकडे बघायला लागली. "तेरावं अक्षर बघा ताई," ती म्हणाली.

मी मोजलं. दोन.

"एकाच पॅनवर ह्या राज्यात कितवा नंबर घेतला, ते तिथं येतं. मॅडमनी समजावलं होतं. ज्यांचा पहिला असतो त्यांच्या तिथं एक असतो. माझ्या तिथं दोन आला. आता तो बदलत नाही म्हणे कधी. धंदा कितीही वाढू दे, प्रत्येक बिलावर दोनच राहणार."

 धंदा तिनं आयुष्यात पहिल्यांदा सुरू केला होता. तिचा 'एक' दादानं घेतला होता आणि तो मी त्याला काढून दिला होता. मी म्हटलं, वहिनी, लोकांना काय कळतंय त्यातलं, कोण मोजत बसतंय.

"पेंटरपण हेच म्हणाला," वहिनी म्हणाली. "एवढे आकडे कोण वाचतंय, बारीक लिहितो म्हणाला. मी म्हटलं, मोठे लिही. आमच्या घरची माणसं येतात ना दुकानात, त्यांना लांबून दिसले पाहिजेत."